पोस्टातला कारकून आणि ‘सोनेरी’ संघ
रग्बी लीगचा आद्य संघटक आल्बर्ट बास्किव्हिल याची जीवनकथा

क्रिकेट आणि फुटबॉल या खेळांतील थोर खेळाडूंची नावे आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. परंतु रग्बी लीग या खेळाचे नाव काढले तर पुष्कळांच्या कपाळावर आठ्या पडतील. रग्बी निराळी आणि रग्बी लीग निराळी, हेच अनेकांना माहीत नसते. या खेळाच्या इतिहासात एका तरुणाची कथा अशी आहे की, खेळाची आवड नसलेल्या माणसानेही ती वाचावी. हा तरुण सरदार घराण्यातला नव्हता, धनिक नव्हता, आणि त्या काळचा नावाजलेला खेळाडूही नव्हता. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरात तो पोस्टात कारकून होता. वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. पण तेवढ्या अल्प आयुष्यात त्याने एका खेळाला समुद्रापलीकडे नेऊन आंतरराष्ट्रीय बनवले. त्याचे नाव आल्बर्ट हेन्री बास्किव्हिल.

त्याच्या आडनावाचे स्पेलिंग जुन्या वर्तमानपत्रांत व पुस्तकांत दोन प्रकारे आढळते. कोणी ‘बास्करव्हिल’ लिहितात, कोणी ‘बास्किव्हिल’. हल्लीचे अभ्यासक दुसरे रूप अधिक पसंत करतात, म्हणून येथेही तेच वापरले आहे.

वादाचे मूळ : बुडालेली मजुरी

बास्किव्हिलने काय केले हे कळण्यासाठी आधी इंग्लंडमधील एका जुन्या भांडणाची हकीकत सांगितली पाहिजे.

रग्बी हा मुळात इंग्लंडमधील बड्या शाळांतला खेळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर व लँकेशायर या परगण्यांत पसरला. तेथे कोळशाच्या खाणी होत्या, कापडाच्या गिरण्या होत्या, गोद्या होत्या. खेळणारे बहुतेक कामगार. शनिवारी अर्धा दिवस काम असे. दूरच्या गावी सामना असला की त्या दिवसाची मजुरी बुडे. दक्षिणेतील वकील-डॉक्टरांना याची झळ लागत नसे, पण खाणकामगाराच्या घरी त्या दिवसाची चूल अडे. उत्तरेकडील क्लबांचे म्हणणे साधे होते : खेळाचे पैसे देऊ नका, पण बुडालेली मजुरी तरी भरून द्या.

आपल्या मॉरिशसच्या वाचकांना हे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी उसाच्या मळ्यांत ‘डबल कट’ भोगला, एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी गमावली, त्यांना एका दिवसाच्या रोजाची किंमत ठाऊकच आहे.

१८९३ साली रग्बीच्या लंडनमधील मुख्य संघटनेपुढे हा प्रस्ताव आला आणि फेटाळला गेला. खेळ हा हौसेसाठी खेळावा, त्यात पैशाचा स्पर्शही होऊ नये, हे तत्त्व पुढे करण्यात आले. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील वीसेक क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी ‘नॉर्दर्न युनियन’ ही स्वतंत्र संघटना स्थापन केली. पुढे १९२२ साली हीच संघटना ‘रग्बी फुटबॉल लीग’ या नावाने ओळखली जाऊ लागली. खेळ अधिक वेगवान व्हावा, पाहणाऱ्याला आवडावा, म्हणून या मंडळींनी हळूहळू नियमही बदलले. चेंडू बाहेर गेल्यावर दोन्ही बाजूंनी रांगा धरून तो झेलण्याची पद्धत बंद केली. १९०६ साली पंधरा खेळाडूंचे तेरा केले. असा हा नवा खेळ जन्मला. जुन्या संघटनेने मात्र या फुटीर क्लबांशी कोणी खेळल्यास त्याला जन्मभर बहिष्कृत करण्याचा नियम केला. नॉर्दर्न युनियन उत्तर इंग्लंडच्या एका कोपऱ्यात अडकून पडली. तिला बाहेरच्या जगाचा एकही सोबती नव्हता.

रोजचे तीन शिलिंग

आता न्यूझीलंडकडे वळू. १९०५ साली न्यूझीलंडचा रग्बी संघ प्रथमच ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव याच दौऱ्यात गाजले. त्या संघाने इंग्रजांच्या घरात शिरून एकामागून एक सामने जिंकले. ब्रिटनमध्ये ते फक्त एकदा हरले, वेल्सकडून. मैदाने प्रेक्षकांनी फुलून जात होती. संघटनेच्या तिजोरीत हजारो पौंडांची भर पडली. आणि ज्यांच्या अंगावर वळ उठले त्या खेळाडूंना काय मिळाले? खर्चासाठी दिवसाला तीन शिलिंग. घरदार, नोकरीधंदा सोडून कित्येक महिने परमुलखात राहिलेल्या माणसांना हा भत्ता म्हणजे थट्टाच होती. परत आलेल्यांपैकी काहींच्या मनात ही गोष्ट सलत राहिली. त्यांत जॉर्ज स्मिथ नावाचा एक खेळाडू होता. हा अडथळ्यांच्या शर्यतीतही नामांकित होता. १९०२ साली त्याने इंग्लंडमधील त्या शर्यतीचे अजिंक्यपद पटकावले होते. नॉर्दर्न युनियनचा खेळ आणि त्याला लोटणारी गर्दी याविषयी त्याला माहिती होती.

कारकुनाची लेखणी

आल्बर्ट बास्किव्हिलचा जन्म १५ जानेवारी १८८३ चा. उत्तर बेटावरील ते आरोहा या गावाजवळ वाइओरोंगोमाइ नावाची खाणकामगारांची वस्ती आहे, तेथला. पुढे तो वेलिंग्टनला आला, पोस्टखात्यात कारकून झाला आणि स्थानिक क्लबांत रग्बी खेळू लागला. अंगाने दणकट, पळण्यात चपळ. पण राष्ट्रीय संघात त्याची कधी निवड झाली नव्हती.

त्याचे खरे सामर्थ्य होते डोक्यात आणि लेखणीत. १९०७ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्याने रग्बीच्या खेळावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. न्यूझीलंडची खेळण्याची पद्धत कशी आहे, नवशिक्याने काय करावे, मुरलेल्या खेळाडूने काय टाळावे, प्रेक्षकाने काय पाहावे, याचे त्यात व्यवस्थित विवेचन होते. म्हणजे पुढे ज्याला ‘रग्बीचा द्रोही’ म्हटले गेले, त्यानेच त्या काळी रग्बीवर आपल्या देशातले एक उत्तम पुस्तक लिहिले होते.

इंग्लंडहून येणाऱ्या वर्तमानपत्रांतून नॉर्दर्न युनियनच्या सामन्यांचे वृत्तांत त्याच्या वाचनात येत. त्यातूनच एक कल्पना आकारास आली : न्यूझीलंडचा एक संघ उभा करून तिकडे का नेऊ नये? ही कल्पना प्रथम बास्किव्हिलला सुचली की जॉर्ज स्मिथला, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु कागद पुढे ओढून पत्र लिहिले ते बास्किव्हिलने. नॉर्दर्न युनियनकडे त्याने रीतसर प्रस्ताव पाठवला आणि १९०७ च्या पूर्वार्धात तिकडून होकार आला. एका अनोळखी कारकुनाच्या पत्रावर विश्वास ठेवून सातासमुद्रापलीकडच्या संघटनेने आपल्या मैदानांची दारे उघडली!

प्रवास आणि व्यवस्था यांसाठी पैसा हवा होता. त्यावर त्याने काढलेली तोड सहकारी संस्थेला शोभावी अशी होती. संघात येणाऱ्या प्रत्येकाने पन्नास पौंड घालायचे आणि दौऱ्याच्या अखेरीस जो नफा उरेल तो सर्वांनी वाटून घ्यायचा. त्या काळी कामगार माणसाला पन्नास पौंड म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई. नफ्याची हमी नव्हती. दौरा फसला तर पैसेही जाणार आणि रग्बीही सुटणार. तरीही माणसे आली. त्यांत १९०५ च्या विख्यात संघातले चौघे होते.

बहिष्कार आणि टोपणनाव

ही बातमी फुटताच न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेत खळबळ उडाली. आपला या ‘धंदेवाईक’ दौऱ्याशी संबंध नाही, असे लेखी प्रतिज्ञापत्र खेळाडूंकडून मागण्यात आले. ज्यांनी ते दिले नाही त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. जे संघात सामील झाले त्यांना जन्मभरासाठी बहिष्कृत करण्यात आले. बास्किव्हिल तर या साऱ्याचा सूत्रधार. त्याच्यावर सर्वांत मोठा रोष. पोस्टातली कायमची नोकरी त्याने सोडली. सरकारी नोकरीची किंमत आपल्या समाजाला सांगायला नको. आणि घरी होती विधवा आई.

इंग्लंडमधील रग्बीच्या वर्तुळात न्यूझीलंडची बाजू मांडणाऱ्या मंडळींनीही या संघाला तोतया ठरवले. ऑस्ट्रेलियातील वर्तमानपत्रांनी टिंगल केली. हे ‘ऑल ब्लॅक्स’ नव्हेत, हे तर पैशासाठी खेळणारे ‘ऑल गोल्ड्स’! टोमणा म्हणून दिलेले हे नाव इतके रुळले की आज तेच गौरवाने घेतले जाते.

ऑगस्ट १९०७ मध्ये संघ प्रथम सिडनीला उतरला. तेथेही कामगार खेळाडूंत असंतोष होताच. जेम्स गिल्टिनन नावाचा एक उद्योगी गृहस्थ आणि सुप्रसिद्ध क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रंपर हे दोघे त्या चळवळीच्या अग्रभागी होते. होय, क्रिकेटच्या इतिहासात ज्याच्या फलंदाजीचे आजही गोडवे गायले जातात तोच ट्रंपर! बंडखोर ऑस्ट्रेलियन संघाशी येथे तीन सामने झाले. मात्र नव्या खेळाची नियमावली अजून कोणाच्या अंगवळणी पडली नव्हती, म्हणून हे सामने जुन्याच नियमांनी खेळले गेले.

या सामन्यांत डॅली मेसेंजर नावाचा सिडनीचा एक लाडका खेळाडू बंडखोरांना येऊन मिळाला. त्याला वळवण्यासाठी त्याच्या आईची संमती घ्यावी लागली होती असे सांगतात. त्याचा खेळ पाहून बास्किव्हिलने त्यालाही सोबत घेतले. न्यूझीलंडच्या संघात एकटा ऑस्ट्रेलियन! पुढे दौऱ्यात सर्वाधिक गुण याच मेसेंजरने मिळवले. यावरून संघटक म्हणून बास्किव्हिलची नजर किती अचूक होती हे दिसते.

आठवड्यात शिकलेला खेळ

सिडनीहून निघालेली आगबोट हिंदी महासागर ओलांडून कोलंबोला थांबली. तेथे संघाने स्थानिक रग्बी संघाशी एक सामना खेळून पाय मोकळे केले. पुढे सुवेझमार्गे ते इंग्लंडला पोचले आणि ऑक्टोबर १९०७ च्या आरंभी लीड्स शहरात दाखल झाले. हजारो लोक त्यांना पाहायला रस्त्यावर आले होते.

आता खरी कसोटी होती. जो खेळ खेळायला ते आले होते तो त्यांतल्या बहुतेकांनी पूर्वी कधी खेळलाच नव्हता! जेमतेम आठवडाभर सराव करून नवे नियम आत्मसात करायचे होते. ९ ऑक्टोबर रोजी ब्रॅमली क्लबाशी पहिला सामना झाला आणि पाहुण्यांनी तो २५–६ असा जिंकला. नोव्हेंबरात विगन क्लबाने त्यांना १२–८ असे हरवले. पण तोवर उत्तर इंग्लंडला या संघाने वेड लावले होते.

१ जानेवारी १९०८ रोजी वेल्समधील ॲबरडेअर येथे वेल्स विरुद्ध न्यूझीलंड असा सामना झाला. वेल्सने तो ९–८ असा अवघ्या एका गुणाने जिंकला. तेरा खेळाडूंच्या नव्या नियमांनी झालेला हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना. त्यानंतर ब्रिटनशी तीन कसोटी सामन्यांची मालिका झाली. २५ जानेवारीला लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर ब्रिटन १४–६ असे जिंकले. ८ फेब्रुवारीला लंडनमध्ये स्टॅमफर्ड ब्रिज येथे न्यूझीलंडने १८–६ अशी परतफेड केली. १५ फेब्रुवारीला चेल्टनहॅम येथे तिसरा सामना झाला. अटीतटीची लढत होऊन न्यूझीलंडने तो ८–५ असा जिंकला आणि मालिका २–१ ने खिशात घातली.

या विजयांत बास्किव्हिलचे नाव धावफलकावर नाही. तो दौऱ्याचा चिटणीस होता. मैदानावर तो क्वचितच उतरला. मुक्काम, प्रवास, हिशेब, पत्रव्यवहार, आजारी खेळाडूंची काळजी, हे सारे त्याच्या अंगावर. एकूण ३५ सामन्यांपैकी संघाने १९ जिंकले, २ बरोबरीत सोडवले आणि १४ गमावले. नवा खेळ खेळणाऱ्यांच्या मानाने ही कामगिरी खासच म्हणावी लागेल. दौऱ्याला नफा झाला. ठरल्याप्रमाणे तो खेळाडूंत वाटला गेला. लावलेले पन्नास पौंड प्रत्येकाला कितीतरी पटीने परत मिळाले.

काही खेळाडूंना इंग्लिश क्लबांनी तिथेच ठेवून घेतले. जॉर्ज स्मिथ ओल्डहॅमकडे गेला. लान्स टॉड हा विगनकडे गेला. इंग्लंडमधील चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे लान्स टॉड पारितोषिक याच गृहस्थाच्या नावाचे. १९४६ पासून ते दिले जाते.

एकमेव कसोटी

परतीच्या वाटेवर संघ पुन्हा ऑस्ट्रेलियात थांबला. मधल्या काळात सिडनीत रग्बी लीगची रीतसर स्थापना झाली होती. ९ मे १९०८ रोजी सिडनी येथे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यातील रग्बी लीगचा पहिला कसोटी सामना झाला. मेसेंजर आता आपल्या मायदेशाच्या बाजूने उभा होता. न्यूझीलंडच्या संघात मात्र त्या दिवशी खुद्द चिटणीसमहाशय खेळत होते. ज्याची राष्ट्रीय संघात कधी निवड झाली नव्हती, तो पोस्टातला कारकून आता कसोटी खेळाडू झाला. त्याने एक ट्रायही नोंदवला आणि न्यूझीलंडने तो सामना ११–१० असा जिंकला. त्याचा हा पहिला कसोटी सामना, आणि अखेरचाही.

तेथून संघ बोटीने ब्रिस्बेनला निघाला. वाटेत बास्किव्हिलला सर्दी-पडसे झाले. प्रथम कोणाला त्याचे काही वाटले नाही. पण त्याचे रूपांतर न्यूमोनियात झाले. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून वीस वर्षे होती. त्या काळी न्यूमोनिया म्हणजे दैवाशी गाठ. २० मे १९०८ रोजी ब्रिस्बेन येथे त्याने प्राण सोडला. कसोटी सामन्याला अकरा दिवस झाले होते. घरापासून नऊ महिने दूर राहून, सर्व काही यशस्वी करून, तो आता घराच्या उंबरठ्यावर आला होता.

काही सहकारी त्याचे शव घेऊन वेलिंग्टनला गेले. तेथील करोरी स्मशानभूमीत त्याचे दफन झाले. बाकीच्यांनी त्याचे अर्धे राहिलेले काम पुरे केले. ३० मे रोजी ब्रिस्बेनमध्ये दुसरी कसोटी २४–१२ अशी जिंकून त्यांनी मालिका आपल्याकडे घेतली. तिसरी कसोटी ऑस्ट्रेलियाने १४–९ अशी जिंकली.

आईसाठी सामना

यानंतर जे घडले ते या कथेतील सर्वांत हृद्य प्रकरण. १३ जून १९०८ रोजी वेलिंग्टनच्या ॲथलेटिक पार्कवर दौऱ्यावरून परतलेल्या खेळाडूंनी आपल्यातलेच दोन संघ पाडून एक सामना खेळला. त्याचे उत्पन्न बास्किव्हिलच्या आईच्या हाती द्यायचे ठरले होते. हजारो लोक आले. न्यूझीलंडच्या भूमीवर खेळला गेलेला रग्बी लीगचा हा पहिला सामना.

विचार करा. ज्यांना ‘पैशाचे लोभी’ म्हणून हिणवले, ज्यांच्या संघाला कुचेष्टेने ‘सोनेरी’ म्हटले, त्यांनी आपल्या देशात या खेळाचा श्रीगणेशा केला तो एका म्हातारीच्या चरितार्थासाठी. स्वतः कपर्दिकही न घेता. पैशासाठी खेळणे आणि पैशाचा लोभ असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा याहून चांगला दाखला कोणता द्यावा?

बी रुजले

बास्किव्हिलने लावलेले झाड पुढे फोफावले. १९०८ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाचा पहिला संघ इंग्लंडला गेला. १९१० साली ब्रिटनचा संघ उलट दिशेने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आला. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये रग्बी लीगची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. सिडनीत तर हा खेळ कामगारवस्त्यांचा प्राण बनला. उत्तर इंग्लंडच्या एका कोपऱ्यात कोंडलेल्या खेळाला दक्षिण गोलार्धात दोन नवी घरे मिळाली, ती एका टपालाच्या पाकिटामुळे. न्यूझीलंड आणि ब्रिटन यांच्यातील कसोटी मालिकेच्या विजेत्यांना पुढे जी ढाल देण्यात येऊ लागली तिला बास्किव्हिलचेच नाव दिले गेले. २००७ साली त्या दौऱ्याची शताब्दी साजरी झाली तेव्हा न्यूझीलंडच्या खेळाडूंनी इंग्लंडमध्ये ‘ऑल गोल्ड्स’ हे नाव धारण करून एक सामना खेळला.

आणि त्या जुन्या भांडणाचे काय झाले? हौशी खेळाच्या पावित्र्यासाठी माणसांना वाळीत टाकणाऱ्या रग्बी युनियनने ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिस येथील सभेत जाहीर केले की, यापुढे खेळाडूंना मानधन घेण्यास मुभा आहे. हडर्सफील्डच्या हॉटेलातील त्या बैठकीला त्या वेळी जवळजवळ बरोबर शंभर वर्षे होत होती. बुडालेल्या मजुरीची मागणी करणारे खाणकामगार, रोजचे तीन शिलिंग घेऊन परतलेले खेळाडू आणि त्यांच्यासाठी नोकरीवर पाणी सोडणारा कारकून, यांचे म्हणणे रास्त होते हे कबूल व्हायला एक शतक लागले.

वाचकहो, आपल्या तरुणांपैकी अनेक जण संध्याकाळी मैदानावर दिसतात. त्यांतील प्रत्येक जण मोठा खेळाडू होईल असे नाही. परंतु संघ बांधणे, पत्रव्यवहार करणे, हिशेब चोख ठेवणे, सोबत्यांचा विश्वास मिळवणे, हेही खेळाचेच काम आहे, आणि ते करणाऱ्यांची आपल्या क्रीडामंडळांना नेहमीच उणीव भासते. बास्किव्हिलने आयुष्यात एकच कसोटी सामना खेळला. तरीही त्याच्या खेळाच्या इतिहासाचे पहिले पान त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. मंडळाचे चिटणीसपद कोणी घ्यायचे यावरून ज्यांच्याकडे दर वर्षी माना खाली जातात, त्यांनी हा तरुण जरूर आठवावा.